अडीच घोटांची बागायत

डॉक्टर म्हणाले, "चहा कमी करा." दिवसाला आठ कप आणि प्रत्येकात दीड चमचा साखर, हे मी त्यांना खरं खरं सांगितलं, ही माझी पहिली चूक. कॉफी घ्या असं ते म्हणाले नव्हते. पण घेऊ नका असंही म्हणाले नव्हते. सात रस्त्यावरून जुळे सोलापूरला घरी पोचेपर्यंत त्यांच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी लावून टाकला होता: बिनदुधाची, बिनसाखरेची, इटालियन. म्हणजे एस्प्रेसो, गरम पाणी दाबाने पुडीतून रेटून काढलेली कॉफी.

आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. तीही उपासाच्या दिवशी पाहुणे आले तर, नाहीतर पोरांना अभ्यासाला जागायचं असेल तर. खरी कॉफी शेजारी अक्कांकडे. अक्का मूळच्या म्हैसूरकडच्या, यजमानांच्या रेल्वेतल्या बदलीपायी सोलापुरात आल्या आणि इथल्याच झाल्या. पहाटे साडेपाचला त्यांच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, उतरायला लागलं की भिंतीपलीकडून वास येतो. तो फिल्टर म्हणजे एकावर एक बसवलेली दोन भांडी. ना वायर, ना बटण. वरून पाणी ओतायचं आणि देवपूजेला लागायचं. त्यात शिकण्यासारखं काही नाही, असं वाटून मी तो रद्द केला. माणसाला शिकायची हौस नसती तर किती पैसे वाचले असते!

पंधरा दिवस मी रात्री जागून व्हिडिओंत कॉफी शिकवणारे परदेशी दाढीवाले बघितले. मशीन म्हणजे एक वस्तू, अशी माझी समजूत होती. ती एक अख्खी जात निघाली. कुपीवाली मशीन आहेत, त्यात कुपी घालायची, बटण दाबायचं, कॉफी हजर. पण मग जन्मभर त्याच कुपी विकत घ्यायच्या. नुसत्या वाफेच्या रेट्यावर चालणारी आहेत, स्वस्त आणि नावापुरती एस्प्रेसो. पंपवाली आहेत, दांडा हाताने ओढायची आहेत, आणि दाणे टाकले की सगळं आपलं आपण करणारीही आहेत. त्या शेवटच्या प्रकाराच्या किमतीत चांगली सेकंडहँड मोटरसायकल येते.

त्यात ते बारचं प्रकरण. बार म्हणजे दाब मोजायचं माप. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब लागतो. आपल्या कुकरात शिट्टीच्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १ बार जास्त असतो, गाडीच्या टायरात दोन-सव्वादोन. जाहिरातींत मात्र कोणी १५ लिहितो, कोणी २०. हा पंपाचा जास्तीत जास्त रेटा. कॉफीला तेवढा नकोच असतो. स्थळ सांगताना ओव्हरटाइम आणि बोनस धरून मुलाचा पगार सांगतात, तसं ते आहे. हे मला कळलं, आणि तरीही मी १५ सोडून २० वालं घेतलं. साडेतेरा हजार रुपये. घरी सांगितले नऊ.

पहिले चार दिवस मी सुखात होतो. दुकानातली तयार पूड चाळणीत भरायची, बटण दाबायचं, कपात फेसाळ कॉफी. आई म्हणाली, "बरी दिसते की रे." तिथेच थांबायला हवं होतं. पाचव्या रात्री एका दाढीवाल्याने सांगितलं की मशीनसोबत येणाऱ्या चाळणीला दुहेरी बूड असतं आणि खालच्या बुडाला एकच टाचणीएवढं भोक. त्या भोकातून रेटल्यामुळे पूड कसलीही असली तरी फेस येतो. म्हणजे माझा फेस खोटा होता! सकाळी मी एकेरी बुडाची चाळणी मागवली आणि आमच्या घरातलं सुख संपलं.

एकेरी चाळणीत पाण्याला अडवायला फक्त कॉफी असते. त्यामुळे पूड किती बारीक, यावर सगळं अवलंबून. जाड असली तर पाणी दहा सेकंदांत धो धो निघून जातं आणि कॉफी चिंचेसारखी आंबट. फार बारीक असली तर मशीन घरघरतं, थेंब पडत नाही, पडला तर कारल्याचा. मला हवे होते १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. दुकानातली पूड त्या कामाची नव्हती. मग चिकमगळूरकडचे भाजलेले दाणे मागवले. पुडक्यावर भाजल्याची तारीख होती. आई म्हणाली, "काल भाजलेत म्हणजे आजच संपवायला पाहिजेत का?" उलट आहे. ताज्या भाजलेल्या दाण्यातून आठवडाभर वायू निघत असतो, तो थोडा जाऊ द्यावा लागतो. आईने हे लोणच्याच्या खात्यात टाकलं आणि विषय मिटवला.

आता दाणे दळायचे कशात? दुपारी सगळे झोपल्यावर मी मिक्सरचं छोटं भांडं काढलं. स्वच्छ घासलेलं होतं, वास घेऊन बघितला, काही नव्हतं. पण सोलापूरच्या घरातल्या मिक्सरच्या छोट्या भांड्याला पूर्वजन्म असतो. पहिला घोट घेतला आणि शेंगाचटणी आठवली. दुसरा घेतला, लसूण वेगळा ओळखू आला.

आईला पत्ता लागलाच. भांड्यावरून बोलणी खाल्ली, पण पुढे ती जे बोलली ते दाढीवाल्यांनी चाळीस मिनिटं खर्चून सांगितलं होतं. "मिक्सर दळतो होय? झोडपतो तो. थोडं पीठ करतो, थोडे खडे ठेवतो. म्हणून तर चटणी कुटायची असते. आणि दळायचंच असलं तर जातं लागतं." दाणे दोन पाळ्यांच्या फटीतून गेले पाहिजेत, म्हणजे सगळे एका मापाचे होतात; फट कमीजास्त केली की बारीक-जाड. ग्राइंडर म्हणजे हेच, हातात मावणारं पोलादी जातं. साडेसहा हजार. घरी सांगितलं, मशीनबरोबर फुकट आलं. आईने ते हातात घेऊन वजन बघितलं, पाळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "फुकट्यात चांगलं दिलंय."

गंमत म्हणजे हे यंत्र निघालं ते वेळ वाचवायला. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ साली पेटंटसाठी अर्ज केला तो कॉफी झटपट व्हावी म्हणून. एस्प्रेसो या शब्दातच घाई आहे. मी सकाळी सहाला लागायचो आणि पावणेसातला अडीच घोट हातात यायचे. काटा लावून पूड तोलताना बायको म्हणायची, "अर्धा तोळा माझ्यासाठीही काढून ठेवा."

आणि पाणी! आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरात लग्नघाई असते; टाकी, पिंपं, घागरी, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवतात. अशा घरात मी पाणी नुसतं सांडणारं यंत्र आणलं होतं. चालू केलं की आधी गरम पाणी सोडून मशीनचं तोंड तापवायचं. कॉफी झाली की पुन्हा सोडून तोंड धुवायचं. दुधाची नळी पुसून वाफ सोडायची. हे सगळं खालच्या ट्रेमध्ये जमतं. आई तो ट्रे उचलून मोजायची. "पिणार एवढं," अंगठ्याचं पेर दाखवून, "आणि सांडणार तांब्याभर." तिने त्याच्यावर तोडगाही काढला: ट्रेचं पाणी पायरीला, आणि चाळणीत उरलेली पुडीची वडी जास्वंदीला. जास्वंद आधीसारखीच आहे. मी मात्र मशीनमध्ये पाणी घालताना दोनदा विचार करतो, कारण आमच्या बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच मशीनच्या पोटात बसतो आणि मग लिंबूसत्त्वाच्या पाण्याने त्याला जुलाब द्यावे लागतात. नुसतं आरओचं पाणी घालावं तर कॉफी मिळमिळीत. चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. म्हणून मी दोन्ही मिसळतो. मे महिन्यात, बाहेर ४२ अंश असताना, एक माणूस ओट्याशी उभा राहून दोन प्रकारची पाणी मापाने एकत्र करतोय, हे दृश्य शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलेलं आहे.

दूध फेसाळायच्या नळीबद्दल एवढंच सांगतो की पहिल्यांदा ती वाजली तेव्हा आई आतल्या खोलीतून उठून आली. तिचे वडील गिरणीत होते. म्हणाली, "मला वाटलं भोंगा झाला." मग बराच वेळ स्वयंपाकघरातच बसून राहिली. त्या दिवशीचं दूध करपलं, मी काही बोललो नाही.

जातं आलं, काटा आला, पाणी जमलं, तरी कॉफी बिघडतच होती, आणि तीही चमत्कारिक रीतीने: एकाच घोटात आंबट आणि कडू. एका रविवारी सात कप केले. टाकून देववेना म्हणून सातही प्यालो. रात्री तीन वाजता मी टक्क जागा होतो, हाताला कंप होता, आणि छातीवर हात ठेवून डॉक्टरांचं ते एक वाक्य आठवत होतो.

सोमवारी मोहोळकडून मामा आले. मामांचं आयुष्य उसात गेलेलं. मी कॉफी करत होतो, ते मागे हात बांधून उभे. निम्म्यातच एका तोटीतून पिवळं पाणी सुटलं, दुसरी थेंब थेंब. मी चाळणीची दांडी सोडवून वडी ताटलीत आपटली. मामांनी चष्मा लावला. वडीच्या कडेला एक बारीक भोक होतं, काडी जाईल एवढं.

"बांधाला खेकड्यानं भोक पाडल्यागत झालंय की," मामा म्हणाले. "दारं धरलीस का रं कधी?"

मी विमा कंपनीत आहे. नाही म्हणालो.

"आरं, वाफा सपाट नको का? ह्या अंगाला ढेकळं, त्या अंगाला भुसभुशीत. पाणी काय येडं हाय का सगळीकडनं जायाला? सोपी वाट गावली की तिथनंच पळतंय. जिथनं पळालं तिथली माती धुपून गेली, बाकीचा वाफा कोरडा."

दाढीवाले याला चॅनलिंग म्हणतात. ज्या वाटेवरून सगळं पाणी गेलं तिथली कॉफी कडू होईपर्यंत निथळते, बाकीची अर्धकच्ची राहून आंबट. मामांनी इलाजही सांगितला: आधी कुळव फिरव, ढेकळं फोड, मग फळी मार, मग दाब. कुळव कुठून आणायचा? आईने शिवणाच्या डब्यातून चार बारीक सुया दिल्या, त्या मी बाटलीच्या बुचात टोचल्या. मामांनी स्वतः तो कुळव धरला आणि चाळणीतल्या १८ ग्रॅम शिवारात, खालपासून वरपर्यंत, गोल गोल फिरवला. ढेकळं विरली. चाळणी ओट्यावर दोनदा ठोकून त्यांनी पूड सपाट केली. "आता दट्ट्या मार. तिरका मारू नको, पाणी उताराला जाईल."

बटण दाबलं. सात-आठ सेकंद काहीच नाही. मग दोन्ही तोट्यांतून एकदम, काकवीसारखी, उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार. आधी काळपट, मग लालसर, मग मधासारखी. काट्यावर ३६ आले तेव्हा २८ सेकंद झाले होते. कोणी बोललं नाही. कपावर तांबूस साय होती, खरी. मामांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण मान हलवली: "कडक हाय. पर पाणी सगळीकडं पोचलंय." उरलेली आईने दुधात ओतली, साखर घातली आणि वर जायफळ किसलं.

त्याच आठवड्यात अक्कांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला, जिभेवर फिरवला. मला दहावीच्या निकालाइतकी धाकधूक. "डिकॉक्शन छान उतरलंय," अक्का म्हणाल्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं होतं. पण त्यांनी कनवटीचं पाकीट सोडलं आणि पाचशेच्या अठरा नोटा टेबलावर मोजून ठेवल्या. जावयांना वाण म्हणून असंच एक मशीन द्यायचं होतं, आणि आईने त्यांना किंमत आधीच सांगून ठेवली होती.

मी आईकडे बघितलं. आई जास्वंदीला वडी घालायला निघून गेली.

"नऊ पूर्ण आहेत, मोजून घ्या," अक्का उठता उठता म्हणाल्या. "आणि ते जातं तेवढं आठवणीने मागा. फुकटचं असलं की हे लोक खोक्यातून काढून घेतात."