‘ब्रिटनची पेन्शन भारतातही दरवर्षी वाढते’ हे खरं नाही

ब्रिटनमध्ये नोकरी करून निवृत्तीनंतर पुण्याला, नाशिकला, गोव्याला परतलेल्या किंवा परतायच्या विचारात असलेल्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. मजकूर थोडाफार बदलतो, पण सार असं: ब्रिटिश स्टेट पेन्शन जगात कुठेही मिळते. ‘ट्रिपल लॉक’ या सरकारी धोरणामुळे ती दरवर्षी वाढते. भारत राष्ट्रकुलात आहे आणि तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे, त्यामुळे ही वाढ कोणी अडवू शकत नाही. अडवलीच तर एकदा लंडनला जाऊन या, नवा दर लागू होतो. कोर्टाचा निकालही आपल्या बाजूने लागलाय, शिवाय नवा करार झालाय. आणि तोवर मुलाचा तिकडचा पत्ता देऊन ठेवा.

यातलं पहिलं वाक्य तेवढं पूर्णपणे खरं आहे. बाकीच्यावर विसंबून कोणी लंडनच्या हॅरोमधलं घर विकून बाणेरला फ्लॅट घेतला, तर पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याची किंमत मोजावी लागेल. सत्तरीनंतर हा हिशेब पुन्हा मांडता येत नाही, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

पेन्शन भारतात मिळते, हवी तर थेट इथल्या बँक खात्यात रुपयांत जमा होते, हे बरोबर. मिळणं वेगळं आणि वाढणं वेगळं. दरवर्षी एप्रिलमध्ये होणारी वाढ फक्त ठरावीक ठिकाणी राहणाऱ्यांना मिळते: खुद्द ब्रिटन, युरोपियन युनियनचे आणि युरोपियन आर्थिक क्षेत्रातले देश, स्वित्झर्लंड, जिब्राल्टर, आणि ज्यांच्याशी ब्रिटनचा वाढीसकटचा सामाजिक सुरक्षा करार आहे असे थोडे देश. अमेरिका, इस्रायल, तुर्की, फिलिपीन्स, मॉरिशस, जमैका, बार्बाडोस त्यांत येतात. भारत येत नाही. भारतात राहणाऱ्याची पेन्शन पहिल्यांदा लागू झाली त्या दिवशीच्या दराला थांबते. पेन्शन सुरू असताना ब्रिटन सोडलं असेल, तर सोडतानाच्या दराला थांबते. तिकडे याला ‘फ्रोझन पेन्शन’ म्हणतात, आणि जगभरात साडेचार लाखांच्या आसपास लोक अशा गोठलेल्या पेन्शनवर आहेत.

एक उलटी भीतीही दूर करायला हवी. पन्नाशीत ब्रिटन सोडून आलेल्या काहींना वाटतं की आपला दर तेव्हाच गोठला. तसं नाही. त्यांची पेन्शन सुरू होईल त्या वर्षीचा दर धरला जातो, अर्थात जितकी वर्षं नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे कमाईतून भरायची सरकारी विमावर्गणी, भरली असेल त्या प्रमाणात. गोठणं त्यानंतर सुरू होतं.

‘माझी तर दरवर्षी वाढते’ असं सांगणारे डॉक्टर प्रत्येक ग्रुपात एक-दोन असतातच, आणि ते खोटं बोलत नसतात. मेसेजवर विश्वास बसतो तो त्यांच्यामुळेच. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, काम केलेल्यांना दोन पेन्शनी असतात. एक एनएचएसची, म्हणजे नोकरीची. ती महागाईच्या दराने वाढते आणि तुम्ही कुठे राहता याच्याशी तिला देणंघेणं नसतं. सरकारी शिक्षकांच्या आणि इतर सार्वजनिक सेवांच्या पेन्शनींचंही तसंच. दुसरी स्टेट पेन्शन, जी नॅशनल इन्शुरन्सच्या वर्षांवर मिळते. गोठते ती ही. खात्यात दोन रकमा येतात, त्यातली एक वाढताना दिसते आणि माणूस म्हणतो, पेन्शन वाढली. ज्यांनी दुकानात, कारखान्यात, खासगी कंपनीत किंवा स्वतःच्या धंद्यात आयुष्य काढलं त्यांच्याकडे ही पहिली पेन्शन नसते. त्यांनी डॉक्टरांच्या अनुभवावर घर विकू नये.

आता ट्रिपल लॉक. सरासरी वेतनवाढ, महागाई किंवा २.५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढी पेन्शन वाढवायची, हे धोरण २०११ पासून चालू आहे. दर किती वाढवायचा ते त्यातून ठरतं. वाढ कोणाला द्यायची ते त्यातून ठरत नाही. एप्रिल २०२३ मध्ये १०.१ टक्के, २०२४ मध्ये ८.५ टक्के आणि २०२५ मध्ये ४.१ टक्के वाढ झाली, तेव्हा भारतातल्या पेन्शनरांना तिन्ही वेळा शून्य मिळालं. खरं तर ट्रिपल लॉक जितका उदार, तितकी वाढ मिळणारा आणि न मिळणारा यांच्यातली दरी रुंद.

राष्ट्रकुल आणि पासपोर्ट हे मुद्दे ऐकायला जोरदार वाटतात. पण ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंडमध्ये ब्रिटनचा राजाच राष्ट्रप्रमुख आहे आणि तिथेही पेन्शन गोठते. नायगाऱ्याच्या अमेरिकन काठावर राहणाऱ्याची वाढते, समोरच्या कॅनडाच्या काठावरच्याची नाही. फॉकलंड बेटं तर ब्रिटनच्याच ताब्यात आहेत, तिथेही वाढ नाही. यात तर्कशुद्ध धोरण शोधायला जाऊ नका. कोणत्या देशाशी कधी कोणता करार झाला, त्याचा हा साठत आलेला परिणाम आहे.

पासपोर्टचा तर संबंधच नाही. भारतीय पासपोर्टवर लेस्टरमध्ये राहणाऱ्या आजोबांना पूर्ण वाढ मिळते आणि ब्रिटिश पासपोर्ट, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असं सगळं जवळ असलेल्या कोथरूडच्या आजींना मिळत नाही. गोव्याच्या वाचकांसाठी हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन काम केलेले पुष्कळ गोंयकार आता निवृत्तीच्या वयाला पोचत आहेत. पोर्तुगीज नागरिक म्हणून वाढ मिळेल असं त्यांना सांगितलं जातं. निवृत्त होऊन लिस्बनला राहिलात तर वाढ मिळेल. मडगावला राहिलात तर तोच पासपोर्ट खिशात असूनही मिळणार नाही.

‘पौंड वाढतो, त्यात भरून निघतं’ हे मेसेजमध्ये नसलं तरी त्याखालच्या उत्तरांत हमखास असतं. हा मुद्दा पटण्यासारखा आहे, म्हणून आकडे मांडू. एप्रिल २०१६ मध्ये नवी स्टेट पेन्शन सुरू झाली, पूर्ण दर आठवड्याला १५५.६५ पौंड. (बऱ्याच जणांना पूर्ण दर मिळत नाही, पण हिशेबासाठी तोच धरू.) तेव्हा पौंड साधारण ९५ रुपये होता, म्हणजे आठवड्याचे १४,८०० रुपये. २०२५ मध्ये पौंड ११५ रुपये धरला तर त्याच १५५.६५ पौंडांचे १७,९०० होतात. नऊ वर्षांत एकवीस टक्के वाढ. त्याच काळात भारतातली किरकोळ महागाई पन्नास टक्क्यांहून जास्त वाढली, आणि म्हाताऱ्या माणसाचा खर्च औषधं, दवाखाना आणि दिवसभराच्या बाईंचा पगार यांवर होतो, तो सरासरीच्या पुढेच धावतो.

लंडनला राहिलेल्या त्याच माणसाला २०२५-२६ मध्ये आठवड्याला २३०.२५ पौंड मिळाले. फरक आठवड्याला ७४.६० पौंड, वर्षाला ३,८७९ पौंड, रुपयांत जवळपास साडेचार लाख. तोही फक्त त्या एका वर्षाचा, आणि दर एप्रिलला तो वाढतच जाणार. शिवाय रुपया घसरेल ही आशा कधीकधी उलटी पडते. त्याच २०१६ च्या जूनमध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं आणि वर्षअखेरीस पौंड ८५ रुपयांच्या खाली होता. तेव्हा परतलेल्यांची पेन्शन गोठलेली होतीच, ती रुपयांतही आटली.

याचा अर्थ परत येऊ नये असा नाही. गोठलेल्या पेन्शनवरही पुण्यात लंडनपेक्षा सुखाने राहता येतं, माणसं आपली असतात, भाषा आपली असते. फक्त रकमेचा आकडा पंचाऐंशीव्या वर्षीही तोच राहणार आहे, हे धरून हिशेब करायचा.

‘लंडनला एकदा जाऊन आलं की नवा दर’ यात अर्धं सत्य आहे. भेटीला गेलात आणि पेन्शन सेवेला कळवलंत, तर तिथे असाल तेवढ्या आठवड्यांपुरता चालू दर मिळतो. मुंबईचं विमान पकडलंत की रक्कम पुन्हा जुन्या आकड्यावर येते. कायमचे राहायला परत गेलात तर मात्र चालू दर खरोखर लागू होतो. मागची थकबाकी कुठल्याच बाबतीत मिळत नाही.

कोर्टाच्या निकालाबद्दल तर मेसेज सरळ उलटं सांगतो. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या अ‍ॅनेट कार्सन यांची मूळ पेन्शन २००० साली आठवड्याला ६७.५० पौंडांवर गोठली होती. त्या ब्रिटनमधल्या सगळ्यात वरच्या न्यायासनापर्यंत, म्हणजे तेव्हाच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेल्या आणि २००५ मध्ये हरल्या. पुढे त्या आणि त्यांच्यासारखे इतर पेन्शनर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेले. १६ मार्च २०१० रोजी तिथल्या ग्रँड चेंबरनेही, म्हणजे सगळ्यात मोठ्या पीठानेही, ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला.

त्या निकालातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ‘आम्हीही तेवढीच वर्षं, तेवढेच पैसे भरले’ हा पेन्शनरांचा मुद्दा होता, आणि माझ्या मते न्यायाच्या दृष्टीने तो आजही बिनतोड आहे. न्यायालयाने म्हटलं की नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन यांच्यात तसं थेट, वैयक्तिक नातं नाही. तुम्ही भरलेले पैसे तुमच्या नावाच्या खात्यात साठत नाहीत, आज भरणाऱ्यांच्या पैशातून आजच्या पेन्शनी दिल्या जातात. आणि ब्रिटनमध्ये राहणारा व परदेशी राहणारा यांची परिस्थिती तुलना करण्याजोगी नाही. त्यामुळे ‘निकालानुसार थकबाकीसाठी अर्ज भरून देतो’ म्हणत कोणी फी मागत असेल, तर एक पैसाही देऊ नका. असा निकालही नाही आणि तशी थकबाकीही नाही. बदल झालाच तर तो ब्रिटिश सरकार आणि संसदेकडूनच होईल. त्यासाठी पेन्शनरांच्या संघटना वर्षानुवर्षं झगडत आहेत आणि त्यांना पाठिंबा द्यायलाच हवा.

नव्या कराराचा मुद्दा मे २०२५ मधल्या घोषणेवरून आला. व्यापार कराराबरोबर भारत आणि ब्रिटन यांच्यात दुहेरी वर्गणीबाबत समझोता ठरला. कंपनीने ठरावीक काळासाठी तिकडे पाठवलेल्या कर्मचाऱ्याला इथला पीएफ आणि तिथला नॅशनल इन्शुरन्स असं दोन्हीकडे भरावं लागू नये, एवढ्यापुरता तो आहे. तरुण आयटीवाल्यांसाठी तो कामाचा. निवृत्तांच्या पेन्शनवाढीशी त्याचा संबंध नाही. करार झाला म्हणजे वाढ आलीच असंही नसतं. कॅनडा आणि न्यूझीलंडशी ब्रिटनचे सामाजिक सुरक्षा करार आहेत, तरी तिथली वाढ बंदच आहे.

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे, मुलाचा पत्ता देऊन ठेवा. पेन्शन घेणाऱ्याने देश बदलला की कळवणं बंधनकारक आहे. न कळवता वाढीव रक्कम घेत राहिलात तर ती जादा दिलेली रक्कम ठरते आणि वसूल होते. हेतुपुरस्सर लपवलं असं ठरलं तर फसवणुकीची कारवाईही होऊ शकते. पंच्याहत्तरीतल्या माणसाकडे दहा वर्षांची वसुली निघाली तर ती त्याच्या पुढच्या पेन्शनमधूनच कापली जाणार, आणि ज्याच्या पत्त्यावर सगळी पत्रं आली त्या मुलालाही उत्तरं द्यावी लागणार. रीतसर कळवलेल्यांना भारतातल्या पत्त्यावर अधूनमधून हयातीच्या दाखल्याचा फॉर्म येतो. तो साक्षीदाराची सही घेऊन वेळेत परत पाठवावा लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. त्यामुळे पत्ता बरोबर असणं तुमच्याच फायद्याचं आहे.

ज्यांचं घर खरोखर ब्रिटनमध्येच आहे आणि जे फक्त थंडीचे महिने पुण्यात काढतात, त्यांना लपवाछपवीची गरजच नाही. तुमचं नेहमीचं वास्तव्य कुठे, हे तिथे पाहिलं जातं. घर, डॉक्टर, कर, रोजचं आयुष्य तिकडे असेल तर इकडे येऊन-जाऊन राहिल्याने स्टेट पेन्शनची वाढ जात नाही. मात्र पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी जादा मदत, घेत असाल तर त्याचे परदेशवारीचे नियम खूपच कडक आहेत, ते चार आठवड्यांच्या आसपासच बंद होऊ शकतं. आपण नक्की कुठल्या गटात मोडतो याची शंका असेल, तर घर विकण्याआधी ब्रिटनच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला स्वतःची परिस्थिती लिहून कळवा आणि उत्तर लेखी मागून घ्या.