स्पिनोझावरचा बहिष्कार अजून उठलेला नाही

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. सारांश असा: 'देव म्हणजेच निसर्ग' असं पुस्तकात लिहिलं म्हणून रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, सतराव्या शतकातल्या ॲमस्टरडॅमच्या तत्त्वज्ञ स्पिनोझाला धर्माबाहेर काढलं, तो जगातला पहिला सेक्युलर ज्यू ठरला, आणि तीनशे वर्षांनी इस्रायलचे पहिले पंतप्रधान बेन-गुरियन यांनी तो बहिष्कार रद्द केला.

कुठलं पुस्तक? बहिष्कार २७ जुलै १६५६ चा. स्पिनोझा तेव्हा २३ वर्षांचा होता आणि त्याची एक ओळही छापलेली नव्हती. धर्म आणि राज्यसत्तेवरचा त्याचा ग्रंथ १६७० मध्ये आला, तोही निनावी. त्याचा मुख्य ग्रंथ 'एथिक्स' तर तो वारल्यावर, १६७७ मध्ये. बहिष्काराच्या पोर्तुगीज मजकुरात 'घोर पाखंड' आहे, 'भयंकर कृत्यं' आहेत, पण ती कोणती याचा पत्ता नाही. मुळाशी त्याचे विचारच असणार, हे मलाही पटतं. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये वडिलांच्या कर्जातून सुटण्यासाठी तो समाजाच्या पंचांना डावलून डच अधिकाऱ्यांकडे गेला होता, स्वतःला कायद्यानं अल्पवयीन ठरवून घ्यायला. तेही त्यांना रुचलं नसणार.

पंचच म्हणतोय, कारण निर्णय रब्बींचा नव्हता. ॲमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यूंचा कारभार 'मामाद' हे मंडळ पाहायचं, आणि त्यात समाजातले वजनदार गृहस्थ असत. त्यांचा हुकूम असा: स्पिनोझाशी बोलायचं नाही, त्याच्याबरोबर एका छपराखाली थांबायचं नाही, चार हातांच्या आत जायचं नाही, त्यानं लिहिलेलं वाचायचं नाही. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. इतर अनेक जण माफी मागून परत आले. हा गेला तो गेलाच.

आता 'पहिला सेक्युलर ज्यू'. तो ख्रिस्ती झाला नाही, एवढ्यावर हा सगळा इमला उभा आहे. पण सेक्युलर ज्यू म्हणतो, 'मी शब्बाथ (शनिवारची धार्मिक सुट्टी) पाळत नाही, तरी मी ज्यूच.' स्पिनोझानं असं कुठंच म्हटलेलं नाही. त्याच्या मते मोशेचा, म्हणजे ज्यूंचा धार्मिक, कायदा एका राज्याचा कायदा होता. राज्य बुडालं, बंधन संपलं. ज्यू टिकले ते वेगळ्या रीतींमुळे आणि इतरांच्या द्वेषामुळे. यात अभिमानानं मिरवावी अशी ओळख कुठे आहे? हो, ज्यू कधीतरी आपलं राज्य पुन्हा उभारतील, असं एक वाक्य १६७० च्या ग्रंथात आहे, आणि ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं म्हणणाऱ्या झायोनिस्टांनी ते उचलून धरलं. त्याच वाक्यातली अट मात्र गाळली जाते: त्यांच्या धर्मानं त्यांचं पौरुष खच्ची केलं नसेल तर!

वारसा सांगितला तो नंतरच्यांनी, आपापल्या गरजेनं. एकोणिसाव्या शतकातला ज्यू विचारवंत मोझेस हेसनं त्याला आपला गुरू मानलं. इतिहासकार योसेफ क्लाउस्नर यांनी १९२७ मध्ये जेरुसलेमला 'तू आमचा भाऊ आहेस' अशी घोषणा केली. उलट जर्मन ज्यू तत्त्वज्ञ हर्मान कोहेन यांनी १९१५ मध्ये त्याच्यावर कडाडून टीका केली. हा वाद ज्यूंचा स्वतःशी होता, स्पिनोझा निमित्त.

राहिले बेन-गुरियन. १९५३ मध्ये 'दावर' दैनिकात त्यांनी स्पिनोझावर लेख लिहिला; त्याचे ग्रंथ हिब्रूत यावेत हा त्यांचा आग्रह. बहिष्कार उठवायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हताच, तो ॲमस्टरडॅमच्या समाजाकडे. १९५६ मध्ये हेगच्या त्याच्या थडग्याजवळ इस्रायलकडून आलेला दगड बसवला गेला, त्यावर एकच हिब्रू शब्द: 'अम्खा', तुझे लोक. आणि २०१५ मध्ये बहिष्कार उठवण्याचा विषय त्या समाजाच्या रब्बींपुढे आला, तेव्हा त्यांनी नकार दिला.