‘नियमांचा बागुलबुवा’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

एनएमआर यंत्राच्या (ताकदवान चुंबक वापरून रेणूची रचना ओळखणाऱ्या यंत्राच्या) खोलीत शिरण्याआधी काय पाळावं, यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लांबलचक आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत ‘धन्यवाद, मुद्दा लक्षात घेतला’ लिहून ती मिटवणं मला पटेना, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सर तासगावजवळच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या मते मी नियमांचा बागुलबुवा उभा केला आहे. मिरजेत एमआरआयला दिवसभर पेशंट आत-बाहेर करतात, गावात कृत्रिम रेतन करणारा माणूस मोटारसायकलला द्रव नायट्रोजनचा डबा बांधून फिरतो, कुणाला काही होत नाही. मग विद्यापीठातच एवढी भीती कशाला, असं ते विचारतात. त्यांच्या मते खरं कारण दुसरंच आहे. सरकारी पैशातून आलेलं यंत्र दोन-चार जणांच्या ताब्यात ठेवायचं आणि खेड्यातून आलेल्या पोराला ‘सॅम्पल ठेव, पीडीएफ मेल करतो’ म्हणून वाटेला लावायचं. नियम हे त्याचं निमित्त.

हा शेवटचा आरोप गंभीर आहे आणि त्यात बरंच तथ्य आहे. त्यावर येतेच. पण आधीची दोन उदाहरणं तशीच सोडून दिली तर ती वाचून कुणीतरी बिनधास्त आत शिरेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

आधी मिरज. तिथे एमआरआयला गेलेल्या कुणालाही विचारा. आधी बाहेर बसवून चौकशी होते: पेसमेकर आहे का, हाडात प्लेट आहे का, कानाचं यंत्र आहे का, वेल्डिंग करताना डोळ्यात कधी कण गेला होता का. घड्याळ, पट्टा, मंगळसूत्र, केसांच्या आणि साडीच्या पिना काढून घेतात, कपडे बदलायला लावतात. तिथे कुणाला काही होत नाही ते या चौकशीमुळे. ती ढिली पडली तर काय होतं, हे आपल्याच राज्यात घडून गेलंय. जानेवारी २०१८मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पेशंटबरोबर आलेला एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचून घेतला आणि त्यात त्याचा जीव गेला. आत न्यायला हरकत नाही असं तिथल्याच एका कर्मचाऱ्याने सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. ‘काही होत नाही हो, रोज जातो आम्ही’ या वाक्याची मला धास्ती वाटते ती अशा घटनांमुळे.

एमआरआयची यंत्रं बहुधा १.५ किंवा ३ टेस्लाची असतात (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक). विद्यापीठांत नेहमी दिसणारं ४०० मेगाहर्ट्‌झचं एनएमआर ९.४ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दोन लाख पटींहून जास्त. आता यात तुमच्या बाजूचंही एक सत्य आहे ते सांगते. हल्लीची चुंबकं कवचाची असतात, त्यामुळे बाहेरचं क्षेत्र थोड्याच अंतरात झपाट्याने उतरतं. दारात उभं राहिलं की काही उडून जात नाही, खिशातला मोबाईलही जात नाही. पण नेमकी हीच गोष्ट फसवते. क्षेत्र झपाट्याने उतरतं याचा अर्थ जवळ जाताना ते तितक्याच झपाट्याने चढतं. हातातला पाना अमुक जागेपर्यंत हातात असतो आणि वीतभर पुढे गेल्यावर नसतो. शिवाय उभ्या चुंबकाचं क्षेत्र बाजूंपेक्षा वर आणि खाली जास्त पसरतं, त्यामुळे नमुन्याची नळी वरून घालायला शिडीवर चढून वाकणाऱ्याचं डोकं आणि छाती बाजूला उभ्या असलेल्या माणसापेक्षा जास्त क्षेत्रात जाते. जमिनीवर आखलेली ५ गॉसची (गॉस हे टेस्लाहून खूप लहान एकक) रेषा पेसमेकरवाल्यांसाठी असते. चुंबक जवळ आलं की पेसमेकर हृदयाकडे न बघता ठरलेल्या गतीने ठोके द्यायला लागतो, आणि छातीत बसवलेलं शॉक देणारं यंत्र असेल तर ते ऐन गरजेला गप्प राहू शकतं. ती रेषा ओलांडणाऱ्याला त्या क्षणी काहीच जाणवत नाही.

तुम्ही आणखी एक लिहिलंत: ‘लाईट गेल्यावर तरी आत सोडा की, तेव्हा यंत्र बंदच असतं.’ सर, हे वाचून मी थबकले, कारण हा समज फार ठिकाणी आहे. लाईट गेली की कॉम्प्युटर आणि कन्सोल बंद पडतो. चुंबक चालूच असतं. नायोबियम-टायटॅनियमच्या तारेची गुंडाळी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडवलेली असते. त्या थंडीत तारेला विजेचा रोध उरत नाही. बसवताना एकदा सोडलेला प्रवाह बाहेरून काही न देता वर्षानुवर्षं फिरत राहतो. भिंतीवरचं बटण दाबलं आणि चुंबक गेलं, अशी सोय या यंत्रांना सहसा नसते. म्हणून काही चिकटलंच तर ओढायला जायचं नाही, लांब व्हायचं आणि जबाबदार माणसाला बोलवायचं.

ही थंडी टिकवायची तर हेलियमच्या बाहेर द्रव नायट्रोजनचं वेष्टन लागतं. नायट्रोजन आठवड्या-दहा दिवसांनी भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. पातळीची नोंदवही रोज भरण्याच्या नियमाला तुम्ही ‘कारकुनी’ म्हणालात. आपण सांगलीकडची माणसं आहोत, म्हणून आपल्याच उदाहरणाने सांगते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं आणि पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. अशा आठवड्यात नायट्रोजनची गाडी यायची कुठून? वेष्टन रिकामं झालं की हेलियम भराभर उडायला लागतो, पातळी गुंडाळीखाली गेली की तार तापते आणि मग उरलेला सगळा हेलियम काही मिनिटांत वाफ होऊन बाहेर पडतो. याला क्वेंच म्हणतात. द्रवाच्या १ लिटरचा ७००हून जास्त लिटर वायू होतो. बंद खोलीत तो हवा ढकलून देतो, दार आत उघडणारं असेल तर दाबामुळे ते ओढूनही उघडत नाही. जून महिन्यात ज्याने नोंदवही नीट बघितलेली असते, तो पावसाचा रंग पाहून आधीच भरून घेतो. हेलियम आपण जवळजवळ सगळा आयात करतो, त्यामुळे एकदा गेलेला परत भरणं ही छोट्या केंद्राला वर्षभराचं बजेट हलवणारी गोष्ट असते.

आता रेतनाचा डबा. दोन-तीन लिटर नायट्रोजन, अरुंद तोंड, बूच सैल, आणि काम चालतं उघड्या गोठ्यात. तो माणूस बरोबरच करतो. त्याच नायट्रोजनचा मोठा पिंप एसी चालू असलेल्या, खिडक्या बंद असलेल्या खोलीत ओतला की हिशेब बदलतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. गुदमरल्याची जाणीव आपल्याला रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. नायट्रोजनमध्ये तो नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, त्यामुळे जीव कासावीस होतच नाही, माणूस सरळ कोसळतो. म्हणून हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १९.५वर आला की ओरडणारा मीटर भिंतीवर हवा, भरताना दुसरा माणूस दाराशी हवा, आणि पिंप लिफ्टने न्यायचा असेल तर लिफ्टमध्ये पिंप एकटाच जायला हवा. माणसाने जिन्याने जायचं. या तीन गोष्टींवर मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

नळीच्या नियमांना तुम्ही ‘सोवळं’ म्हटलंत. ते मात्र मला जरा लागलं, कारण मी मुलांना सगळ्यात जास्त वेळ तेच शिकवते. ५ मिलिमीटर जाडीची काचेची नळी, तिची भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. आत जेमतेम अर्धा-पाऊण मिलिलिटर द्रावण. नळी उजेडात धरून फिरवायची. तोंडाशी केसाएवढी चीर दिसली तरी ती बाद. बाहेरून टिश्यूने पुसायची, कारण हाताचा तेलकटपणा आणि सांडलेला थेंब स्पिनरला, म्हणजे नळी ज्यात बसवतात त्या भागाला, लागतो. कागदाची चिठ्ठी गुंडाळायची नाही, नळी डगमगते. स्पिनरमध्ये घालून मापाच्या खाचेत खोली जुळवायची, टेकली की थांबायचं, दाबायचं नाही. मग वर चढून हवा सुरू करायची आणि कान द्यायचा. फुसकारा ऐकू आला पाहिजे. स्पिनर तोंडावर धरल्यावर खालून हवा त्याला उचलून धरते, बोटांना ते स्पष्ट कळतं. ते कळल्याशिवाय बोटं सोडायची नाहीत. हवा नसताना सोडलेली नळी थेट खाली प्रोबवर (नमुन्याचे संकेत टिपणाऱ्या भागावर) जाऊन फुटते. मग आत काच आणि द्रावण, प्रोब काढून दुरुस्तीला, आणि पुढे नंबर लावून बसलेली सगळी मुलं घरी. त्यांत तुमचेही विद्यार्थी असतील, ज्यांचा प्रबंध सादर करायची तारीख जवळ आलेली असेल.

तापमान वाढवून प्रयोग करणाऱ्यांसाठी एक वाक्य: क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, त्याच्या बऱ्याच खाली थांबा. आणि नळीवर नुसतं ‘सॅम्पल ए’ लिहून पाठवू नका. आत काय आहे, कशात विरघळवलंय, विषारी किंवा घाण वासाचं आहे का, हे फॉर्मवर लिहा. ती नळी हातात घेणाऱ्या माणसाला ते कळायचा हक्क आहे.

आता तुमचा आरोप.

तुम्ही म्हणता तसं घडतं. मी पाहिलंय. नियम दाखवून मुलाला बाहेर बाकावर बसवलं जातं आणि संध्याकाळी त्याच्या हातात एक कागद येतो. सार्वजनिक पैशातून घेतलेली यंत्रं बाहेरच्या संशोधकांनाही वापरता यावीत, म्हणून केंद्र सरकारने २०२०मध्ये आय-स्टेम पोर्टल सुरू केलं. म्हणजे तुमचा विद्यार्थी तिथे उपकार मागायला जात नाही. आणि पीडीएफने त्याचं किती नुकसान होतं ते आपल्याच मालावर दाखवते. समजा त्याने सांगलीच्या हळदीतून कुरकुमिन वेगळं केलं. एनएमआरच्या आलेखावर ३.९५ पीपीएमच्या (आडव्या पट्टीवरचं एकक) आसपास सहा हायड्रोजनांची ठसठशीत रेघ येते, ६.५ आणि ७.६ला १६ हर्ट्‌झ अंतराच्या जोड्या येतात, ५.८ला एकट्या हायड्रोजनची रेघ. छान दिसतं सगळं. पण रेणू त्याच्या दोन शक्य रूपांपैकी इनॉल रूपात आहे हे ठणकावून सांगणारा हायड्रोजन येतो १६च्या आसपास. ० ते १०पर्यंत छापलेल्या पीडीएफमध्ये तो दिसणारच नाही. मूळ डेटा हातात असता तर मुलाने पट्टा स्वतः वाढवून बघितला असता. मोजतानाच पट्टा तोकडा ठेवला असेल तर निदान पुन्हा मोजून मागितलं असतं. म्हणून कच्चा डेटा मागणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे आणि तो देणं केंद्राचं काम आहे. या बाबतीत मी पूर्ण तुमच्याबरोबर आहे.

पण यावर उपाय म्हणून नियम सैल करा म्हणाल तर मी अडून बसेन. ज्या केंद्रात नियमांची कारणं समजावून सांगतात, समोर करून घेतात आणि मग नाव यादीत घालून चावी देतात, तिथे मुलं रात्रीसुद्धा स्वतः यंत्रावर बसतात. जिथे फक्त ‘हात लावू नये’ची पाटी आहे, तिथे सगळं एका माणसावर अडतं आणि तो रजेवर गेला की यंत्र झाकून ठेवतात. शिकवायचं टाळणाऱ्यांना जाब विचारा, सर. मी तुमच्याबरोबर सही करेन.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नव्हती आणि माझ्या लेखातही पुरेशी आली नव्हती. आपण दोघं विद्यार्थ्यांबद्दल भांडतोय, पण या खोलीत सगळ्यात जास्त धोका ज्याला असतो त्याचं नाव वापरकर्त्यांच्या यादीत नसतं. फरशी पुसायला येणाऱ्या मावशी, हातात लोखंडी कडीची बादली. एसी दुरुस्त करायला आलेला मुलगा, कमरेला हत्यारांची पिशवी. रात्रपाळीचा वॉचमन, ज्याच्या छातीत पेसमेकर आहे की नाही हे कुणी विचारलेलंच नाही. दारावरची पाटी इंग्रजीत असते. कुठलं स्टील चिकटतं आणि कुठलं नाही हे डोळ्यांना ओळखू येत नाही, तेव्हा मावशींनी ते ओळखावं अशी अपेक्षा कशी करायची? पाटी मराठीत हवी, मोठ्या अक्षरांत, चित्रासह. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना हाताला धरून ती रेषा दाखवायला हवी. दोऱ्याला बांधलेली टाचणी घेऊन लांबूनच हळूहळू पुढे न्यायची. दोरा खाली लोंबायचा सोडून चुंबकाकडे ताठ आडवा होतो. ते बघितल्यावर एका मावशींनी आपणहून प्लॅस्टिकची बादली मागितली. खोलीच्या बाहेर, कुलपाशेजारी ती टांगलेली असते.

तुमचा शेवटचा प्रश्न होता: ‘आमच्या पोरांना किती दिवसांत एकट्याने बसू द्याल?’ दिवसांवर ते ठरत नाही. नळी जुळवणं, हवा ओळखणं, लॉक आणि शिम करणं (चुंबकाचं क्षेत्र स्थिर आणि एकसारखं करून घेणं), अलार्म वाजल्यावर कुठल्या दाराने बाहेर पडायचं हे दाखवणं, एवढं माझ्यासमोर न विचारता केलं की माझ्याकडून हो. काहींना ते एका बैठकीत जमतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सांगलीत विश्रामबागला सरावासाठी रिकाम्या नळ्या, स्पिनर आणि माप घेऊन मुलांना बसवणार आहे. खऱ्या यंत्राकडे जाण्याआधीची तयारी म्हणून. तुमची मुलं पाठवा, आणि जमलं तर तुम्हीही या. येताना मुलींना साडी किंवा ओढणीच्या पिना लावू नका म्हणावं, आणि सगळ्यांना पायात बंद बूट.