पाच किलोचा भार आणि नवरदेवाचा मामा

आमच्या आर्वी तालुक्यात लग्नाचा सीझन म्हणजे एप्रिल-मे. पारा ४५ च्या वर, मांडवात बसलेल्यांचे रुमाल ओलेचिंब, आणि अशा उन्हात नवरदेवाच्या अंगावर सूट. तरी फोटोत तो टवटवीत दिसला पाहिजे, ही जबाबदारी फोटोग्राफरची. त्यासाठी फ्लॅश लागतो, फ्लॅशचा उजेड मऊ पसरवायला पांढरी छत्री लागते, आणि हे सगळं डोक्यावर घेऊन उभं राहायला लाइट स्टँड लागतो.

कॅमेरा घ्यायचा तर माणूस महिनोन्‌महिने चौकशी करतो, नागपूरला बर्डीवर चार दुकानं पालथी घालतो. स्टँडचं मात्र बिल होताना आठवतं. "भाऊ, स्टँड त्यातच लावून द्या न!" त्यातच लावून दिलेला स्टँड मग तसाच असतो.

खरी मेख जोडावरच्या कॉलरीत आहे. नळीत नळी सरकते आणि प्रत्येक जोडावर एक काळी कॉलर असते. तिला उभी चीर, चिरीतून आडवा स्क्रू, स्क्रूला नॉब. नॉब आवळला की चीर मिटते आणि आतली नळी घट्ट धरली जाते. स्टँडची सगळी इमानदारी या बोटभर जागेत. चांगल्या स्टँडला ही कॉलर धातूची असते. स्वस्तातल्याला प्लास्टिकची, आणि नॉबमधलं नट त्या प्लास्टिकमध्ये नुसतं दाबून बसवलेलं. मोटरसायकलच्या मागं बांधून दोन उन्हाळे फिरवा, प्लास्टिक तडकतं आणि नट आतल्या आत गरगर फिरायला लागतं. वरून काहीच कळत नाही. आपण नॉब पिळतो, हाताला वाटतं आवळलं. मंगलाष्टकं सुरू होतात, आणि प्रत्येक 'सावधान'ला फ्लॅश इंच-इंच लवत जातो. अक्षता पडेपर्यंत त्याचा सगळा उजेड भटजींच्या पोटावर.

महागड्या स्टँडमध्ये हवेची सोय असते. नळीत हवा कोंडलेली राहते, त्यामुळे नॉब सुटला तरी वरचा भाग हळूहळू खाली बसतो. आमच्या स्टँडला हा सभ्यपणा ठाऊक नाही. तो सुटला की थेट बोटावर येतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं : भार ५ किलो. खोटं नाही ते. पण वजन नळीवर सरळ खाली, जमीन सपाट आणि वारा बंद असताना. असा मांडव विदर्भात कोणी पाहिला असेल तर मला दाखवा. आमच्याकडे मांडवात कूलर असतो. घरातला नाही, ट्रॅक्टरवरून आणावा लागतो तो, पत्र्याचा, माणसाच्या छातीइतका उंच. आणि त्याचं तोंड कुठं वळवायचं हे नवरदेवाचा मामा ठरवतो.

"मामाजी, कूलर जरा तिकडं करा न. छत्री उडते."

"काऊन? पोरगं घामानं निथळून रायलं अन् तुले छत्रीची पडली?"

आमच्याकडे समुद्र नाही, पण पूर्ण उंचीवर उघडलेली पांढरी छत्री कूलरसमोर शिडाचं काम इमानेइतबारे करते. भार जेमतेम किलोभराचा, पण तो आडवा येतो आणि सर्वात वरच्या, सर्वात बारीक नळीवर येतो. म्हणून उंची वाढवताना जाड नळी आधी काढायची, बारीक शेवटी, आणि एक पाय लाइट जिकडं झुकलाय त्याच बाजूला ठेवायचा. एवढं सगळं साधलं की वऱ्हाडातलं एखादं पोट्टं त्या पायालाच अडखळतं.

हळदीचा कार्यक्रम तर वावरातच. पऱ्हाटी उपटून मोकळ्या केलेल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. स्टँडचा पाय त्यात अलगद उतरतो. तिथं टिकते ती पायांची रुंदी आणि पायांना मधल्या नळीशी बांधणारी पट्टी. पट्टी पत्र्याची असेल तर एका कार्यक्रमात वाकते, मग रिव्हेट खुळखुळा होतो आणि तीन पायांचं तिघांत पटत नाही. उपाय एकच : युरियाच्या रिकाम्या पोत्यात माती भरायची आणि ते खाली, पायांच्या जोडाशी लटकवायचं. नवरीकडच्यांना ते फोटोत आवडत नाही. फ्लॅश नवरीच्या अंगावर पडलेला त्याहून कमी आवडेल.

फिल्मवाले स्टीलचा सी-स्टँड वापरतात. पाय एकाखाली एक, वजन पाच-सहा किलोंच्या घरात, मोडायचं नाव नाही. किंमत ऐकून मी दुकानातलं पाणी पिऊन परत आलो आणि गावातल्या वेल्डिंगवाल्याला गाठलं. त्यानं जीआय पाइपाचा स्टँड बनवला, वर फ्लॅश अडकवायला १६ मिलिमीटरचा दांडा घासून बसवला, कॉलरीच्या जागी जाड नट-बोल्ट ठोकले आणि म्हणाला, "घे. तुह्या नातवाच्या लग्नातबी उभा राहीन."

राहील. पण उचलायला दोघं लागतात, आणि नट सोडवायला तेरा-चौदाचा पाना. उंची एकदा ठरली की ठरली. नवरदेव ठेंगणा निघाला तर त्याला पाटावर उभं करणं सोपं पडतं.

परवाच्या लग्नात मात्र त्याची कीर्ती झाली. फ्लॅश लावायला गेलो तर स्टँडवर सुतळीनं भला मोठा पंखा बांधलेला, तोंड पंगतीकडं.

"मामाजी, हा माझा स्टँड आहे."

"मालूम आहे न बाप्पा. हालत नाही, म्हणूनच बांधला. तू तुही छत्री त्या पोट्ट्याच्या हाती दे."

पोट्ट्यानं ती संध्याकाळपर्यंत धरली. कॉलर नाही, नॉब नाही, उंची सांगाल तशी. फक्त बुंदी वाढायला आली की उजेड पंगतीकडं वळायचा.