काकूंचा तेरावा महिना

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

इथे बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका काकूंकडे आज आम्ही चारपाच जण भेटायला गेलो होतो. काका दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. त्यांना भरवणं, अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं काकूच करतात. परवा मोरीत पाय घसरला आणि काकूंच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. अशा वेळी त्यांचा सख्खा भाचा खुर्ची पुढे ओढून म्हणतो, "मावशी, तुझी तर डबल व्हॅमीच झाली."

काकूंनी विचारलं, "म्हणजे काय रे?"

त्याला सांगता येईना. जो शब्द समोरच्याला समजावून सांगावा लागतो, तो सांत्वनाला न्यायचाच कशाला?

व्हॅमी म्हणजे अमेरिकन बोलीत नजर, करणी. अल कॅप यांच्या 'लिल अ‍ॅबनर' या वृत्तपत्रातल्या चित्रमालिकेत 1951 साली एव्हिल-आय फ्लीगल नावाचं नजर लावणारं पात्र आलं आणि शब्द घरोघरी गेला. त्याने एक डोळा रोखला की सिंगल व्हॅमी, दोन्ही रोखले की डबल. आता डबल व्हॅमी म्हणजे एकदम दोन फटके. पुढे 1992 च्या ब्रिटिश निवडणुकीत हुजूर पक्षाने मजूर पक्षाविरुद्ध पोस्टर काढलं, त्यावर बॉक्सिंगचे दोन भलेमोठे ग्लोव्ह्ज: एकावर वाढीव कर, दुसऱ्यावर चढे भाव. चित्रमालिका आणि निवडणुकीचा फलक, अशा वाटेने आलेला शब्द आहे हा. आपल्याकडे दृष्ट लागली असं वाटलं तर मीठ-मोहरी ओवाळून टाकतात, लागलेल्या माणसाला तोंडावर सांगत बसत नाहीत.

बरं, मराठीत तो नीट बसतही नाही. व्हॅमी झाली, झाला, की बसली? फटका बसतो, संकट कोसळतं, दुखणं जडतं. प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं आहे आणि त्यातूनच कळतं की घाव कुठून आला. व्हॅमीला यातलं एकही चिकटत नाही, म्हणून सगळे 'झाली' वर भागवतात.

आणि काकूंचं जे झालंय त्याला आपल्याकडे अगदी मापाचा शब्द आहे. दुष्काळात तेरावा महिना. आपण तो इतका वापरतो की त्यातला हिशोब विसरलो. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 चं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ती साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना वाढवावा लागतो. 2023 ला अधिक श्रावण होता, 2026 ला अधिक ज्येष्ठ. त्या वर्षी दोन पाडव्यांमध्ये बारा नाही, तेरा महिने येतात. आता कणगीत आधीच अर्धं धान्य असेल आणि ते पाडव्यापर्यंत पुरवायचं असेल, तर हा महिना काय करतो बघा. तो नवं संकट आणत नाही, चालू असलेलं लांबवतो. वर धोंड्याचा महिना म्हणून जावयाला बोलवा, धोंडे करा, तेहतीस अनारसे वाणात द्या. ज्या गुजरातने छप्पनियो दुकाळ, म्हणजे 1899-1900 चा, सोसला तिथे तरी ही म्हण कुणाला फोड करून सांगावी लागू नये.

म्हणजे म्हणीची अट अशी: पहिलं संकट जुनं, मुरलेलं हवं, आणि दुसऱ्याने त्यालाच आणखी ताणलं पाहिजे. काकांचं आजारपण हा दुष्काळ, काकूंचं मनगट हा तेरावा महिना. कारण आता कूस बदलणार कोण? एकाच दिवशी फोन हरवला आणि गाडी पंक्चर झाली, तर तिथे ही म्हण चालत नाही.

बाकीच्या म्हणींचीही अशीच गल्लत चाललेली असते. एका संकटातून सुटायला गेलो आणि त्याहून वाईटात पडलो, तर आगीतून फुफाट्यात. फुफाटा म्हणजे तापलेली राख, वरून विझलेली दिसते म्हणून तर माणूस तिच्यात पाय घालतो. दोन्ही वाटा वाईट आणि एक निवडायची, तर इकडे आड तिकडे विहीर. आणि 'आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास' कृपा करून दुःखाला लावू नका. ज्याला मुळातच काम नको आणि वर शिमग्याचं निमित्त मिळालं, त्याच्यासाठी आहे ती. मागे एका शोकसभेत ऐकली. अंगावर काटा आला.

वर्तमानपत्रवाले 'दुहेरी फटका' लिहितात, ते ठीक आहे. अवकाळीने कांदा भिजला आणि उरलेल्याचा भाव पडला, तिथे तो शोभतो, कारण तिथे रुपयात मोजता येतं.

इंग्रजी शब्द घ्यायचेच नाहीत असं माझं म्हणणं नाही. टेबल, स्टेशन, टेन्शन, सगळे आपलेच झालेत. हे प्लॅस्टरसुद्धा. पण ही बडोदेनगरी आहे. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत प्रतिशब्द देणारा 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' इथे 1931 साली निघाला. कचेरीच्या कागदासाठी एवढी मेहनत घेतली गेली, आणि आपल्याला आजाऱ्याच्या खाटेशेजारी दोन शब्द सुचू नयेत?

शेजारच्या बेन मात्र उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "पडता पर पाटु." पडत्याला लाथ. तीन शब्द. काकूंनी मान हलवली. मग भाच्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "अरे, दुष्काळात तेरावा महिना म्हणायचंय ना तुला?"

इथे माझा राग जरा अडकलाय. कारण खरं सांगायचं तर ती म्हण आपणही त्यांच्या तोंडावर म्हणणं बरं नव्हतं. ज्याचा दुष्काळ त्याने म्हणावी. त्याच्या पाठीमागे, कळवळ्याने, तिसऱ्याला सांगताना चालते. समोर असताना "एकावर एक आलं हो" एवढंच म्हणावं आणि थांबावं. मराठी येणाऱ्यांनाही हे कुठे पाळता येतं?

आणि तो मुलगा रात्रीच्या गाडीने आलाय. सकाळी मुगाची खिचडी त्यानेच लावली होती, जरा गिचका झाली होती, पण काकांना तशीच लागते. काकांच्या पाठीमागे उशी कशी लावायची, टाच गादीला घासू नये म्हणून पोटरीखाली टॉवेलची घडी कुठे ठेवायची, काकू डाव्या हाताने दाखवत होत्या आणि तो दोनदा करून बघत होता. शब्द चुकला त्याचा. बाकी काही चुकलं नाही.

तो रविवारी परत जाणार आहे. त्यानंतर दुपारी दोन ते सहा काकूंकडे कुणीतरी हवं, कूस बदलायला एका हाताने जमत नाही. मंगळवार आणि शुक्रवार मी घेतलेत. बाकीचे वार खाली लिहा.