अणूंचा अखंड झोत हवाच कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं मनापासून लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अतिशीत अणूंची घड्याळं अब्जावधी वर्षांत सेकंदभरही चुकत नाहीत, मग अणू थांबत थांबत मिळोत की अखंड, हा निव्वळ संशोधकांच्या हौसेचा प्रश्न. हे मला अजिबात पटत नाही.

घड्याळाची टिकटिक लेसर देतो, आणि तो नीट चालतोय ना हे अणूंशी ताडून पाहावं लागतं. नवे अणू थंड करून सापळ्यात भरेपर्यंत लेसरवर लक्ष ठेवायला कुणीच नसतं. दर फेरीत ही फट येते, तीही ठरावीक तालात. ट्यूबलाइटखाली गरगरणारा पंखा कधी सावकाश उलटा फिरताना दिसतो ना, तशी लेसरची जलद थरथर मापनात संथ चढउतार होऊन शिरते. याला डिक परिणाम म्हणतात. तुम्ही म्हणता ती अचूकता खरी आहे, पण शेवटच्या अंकापर्यंत पोचायला तासन्‌तास सरासरी काढत बसावं लागतं.

‘मग सतत बनवा, त्यात काय!’ असंही तुम्ही लिहिलंय. खरी मेख तिथेच आहे. असा झोत ज्यातून काढायचा, ते बोस-आइनस्टाइन संघनित म्हणजे एकाच लाटेसारखे वागणाऱ्या अतिशीत अणूंचा पुंजका. ज्या प्रकाशाने अणू थंड होतात, तोच हे संघनित मोडून टाकतो. म्हणून 1995 पासून जवळजवळ सगळे आधी लेसरने थंड करत, मग लेसर बंद करून पुढची पायरी गाठत. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या फ्लोरियान श्रेक यांच्या गटाने याच पायऱ्या एकापुढे एक, वेगवेगळ्या जागी मांडल्या. भट्टीतून सुटलेले स्ट्रॉन्शियमचे अणू 461 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात मंदावतात, 689 च्या लाल प्रकाशात मायक्रोकेल्विनच्या घरात (निरपेक्ष शून्याहून अंशाच्या काही दशलक्षांश भागांनीच वर) उतरतात आणि शेवटी प्रकाशाच्याच एका छोट्या खळग्यात साचतात. खळग्यावर आणखी एक लेसर रोखलेला असतो. त्याने अणूंची ऊर्जापातळी इतकी सरकते की भोवतालचा लाल प्रकाश त्यांना लागूच पडत नाही. बाहेर थंड करणं चालू, आत संघनित शाबूत! ही युक्ती मला विलक्षण सुंदर वाटते. 2022 मध्ये त्यांनी दाखवलं की नवे अणू येत राहिले तर संघनित हवं तितका वेळ टिकतं.

तुमचा एक मुद्दा रास्त आहे. त्या प्रयोगात संघनितातून झोत बाहेर काढलेला नव्हता, ती पायरी बाकी होती. पण गरज फक्त घड्याळांची नाही. पाणबुडीत जीपीएस पोचत नाही. तिथे अणूंच्या साहाय्याने त्वरण मोजून त्यावरून स्थान काढायचं, तर फटीत बसलेला एखादा धक्का नोंदलाच जात नाही, आणि तिथून पुढचं प्रत्येक स्थान चुकतं.