मग मोठा फ्लॅश घ्यायचा
चंद्राला फ्लॅश लागत नाही, ही गोष्ट चांगल्या शब्दांत पटवून देता येत नाही, हे मला काल रात्री गच्चीवर कळलं.

काल अष्टमी. चंद्र टिपायचा तर अष्टमीच्या आसपासच, कारण तेव्हा ऊन तिरकं पडतं आणि विवरांच्या सावल्या उठून दिसतात. पौर्णिमेला तो नुसता सपाट. तर ट्रायपॉड, लांबचं जवळ आणणारी ३०० मिमीची लेन्स, उजेडाचा हिशेब म्हणून आयएसओ १००, एफ ८, शटर १/६० सेकंद, फोकस हाताने आणि बटणाचा धक्का बसू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. एवढं जुळवतोय तोच खालच्या मजल्यावरचे काका फेऱ्या मारत आले.

"किती मेगापिक्सेल?"

"चोवीस."

"आमच्या मोबाइलला एकशे आठ." एखाद्याचं स्थळ मोडल्यावर करतात तसा त्यांनी चेहरा केला.

सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागाच्या, आकारावर बोलावंसं वाटलं. माझा ३६ बाय २४ मिलिमीटरचा, त्यांचा नखाएवढा. पण मेगापिक्सेल हा श्रद्धेचा विषय आहे. मी गप्प.

"फ्लॅश नाही लावलात? केवढा अंधार आहे!"

"काका, अंधार इथे आहे. चंद्रावर आत्ता ऊन पडलंय. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो काळं आभाळ बघून घाबरतो, जास्त उजेड आत घेतो आणि चंद्राचा पांढरा ठिपका करून टाकतो. म्हणून मॅन्युअल."

काकांनी आधी चंद्राकडे, मग माझ्याकडे पाहिलं. काळजी माझी वाटत होती.

"आणि फ्लॅश चार-पाच मीटर पोचतो हो. चंद्र ३,८४,००० किलोमीटरवर आहे."

"मग मोठा फ्लॅश घ्यायचा."

यावर काय बोलणार? एवढं बोलून ते ट्रायपॉडवर हात टेकून निवांत उभे राहिले. ३०० मिमीच्या लेन्समधूनसुद्धा चंद्र सेन्सरवर जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा पडतो. त्यात काकांचं वजन. जगात प्लंबरला कोणी पान्हा कसा धरायचा ते सांगत नाही, पण कॅमेरावाला दिसला की प्रत्येकाच्या अंगात उस्ताद संचारतो. बरं, समारंभात हीच मंडळी सगळ्यांचे फोटो आपल्याकडूनच काढून घेतात, रात्री अकराला 'अजून टाकले नाहीस?' विचारतात आणि आपण एकाही फोटोत नसतो, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग काकांनी खिशातून मोबाइल काढला. एका हाताने, थरथरत, चालता चालता. फ्लॅशसुद्धा उडाला. पडद्यावर विवरांसकट खणखणीत चंद्र!

काही फोन चंद्र ओळखतात आणि जे दिसलंच नाही ते स्वतःच्या पदरचं भरतात. हे मी सांगितलं. काका म्हणाले, "भरेना का. आलाय ना छान?"

त्यांचा चंद्र रात्रीच सोसायटीच्या ग्रुपवर गेला. अंगठ्यांची रांग लागली. मी माझा सकाळी टाकला. त्याखाली एकच प्रतिक्रिया आहे, तीही घरातूनच: "काकांना विचारा ना, त्यांनी कसा काढला."